तरुण भाऊ अचानक आयसीयूत आहे, गावाकडच्या आईबाबांना किती सांगावं?

सगळं सांगा आणि आजच सांगा. तुम्ही लिहिलंय की भाऊ ३१ वर्षांचा, चांगला धडधाकट, अचानक आयसीयूत गेला. वडिलांना शुगर आहे, आई लगेच घाबरते, म्हणून "जरा स्टेबल झाल्यावर कळवू" असं घरात ठरतंय. हे वाचून मला राहवलं नाही, कारण त्या वडिलांच्या जागी मी होतो.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसचे, म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट निघाले तेव्हा लोकांना त्या आजाराचं नाव कळलं. आमच्या घरात ते आदल्या वर्षीच्या शिमग्यात आलं होतं. आम्ही ठाण्याला वर्तकनगरला राहतो, मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झालोय. मुलगा तेव्हा २९ चा, ऐरोलीला नोकरी आणि घणसोलीत मित्रांबरोबर भाड्याने. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कोपरखैरण्याला, त्यामुळे मुलाला काही लागलं की आधी मामाला फोन. आम्ही दोघं गावी, चिपळूणच्या पुढे, घरी पालखी यायची होती.

मेहुण्याचा फोन आला, भाऊजी, व्हायरल आहे, सलाईन लावलंय, तुम्ही पालखी आटपून निवांत या.

खरी हकीकत ही की पोराच्या पायाला मुंग्या येत होत्या, चालताना चप्पल पायातून निसटत होती, मग जिने चढवेनात, मग खाली बसला तर उठता येईना. ॲडमिट केलं, नसांची टेस्ट झाली, कण्यातलं पाणी काढून तपासलं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते, कमजोरी पायापासून वर चढत जाते, छातीपर्यंत आली की श्वासाचे स्नायू दमतात. डॉक्टर त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे, किती पोचतो ते बघायला. आकडा खाली येत गेला आणि शेवटी नळी घातली. हे सगळं मेहुणा समोर उभा राहून बघत होता आणि मला फोनवर सांगत होता की झोपलाय, ताप उतरलाय.

मला कळलं कसं? मुलाच्या कंपनीच्या इन्शुरन्सवाल्या मुलीचा फोन आला, इमर्जन्सी नंबर माझा होता म्हणून. अंगणात पालखी नाचत होती, ढोल चालू, मला धड ऐकू येईना, आणि ती विचारतेय, सर पेशंट व्हेंटिलेटरवर आहे ना, एन्हान्समेंटसाठी, म्हणजे मंजूर रक्कम वाढवायला, हॉस्पिटलचे पेपर अपुरे आलेत. मी म्हटलं कोण पेशंट? तिने माझ्या मुलाचं नाव घेतलं. त्या मुलीचा काही दोष नाही, ती बिचारी उलट सॉरी सॉरी करत बसली. त्या रात्री शिमग्याच्या गर्दीत कोकणकन्येच्या जनरल डब्यात दाराशी उभे राहून आम्ही पहाटे पनवेलला उतरलो, हिने वाटेत एक शब्द काढला नाही.

आता "काळजीपोटी लपवलं" म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचा. या आजारात आयव्हीआयजी नावाचं इंजेक्शन देतात, किलोमागे २ ग्रॅम, साधारण ५ दिवसांत विभागून. सत्तर किलोच्या माणसाला १४० ग्रॅम, लाखांतला खर्च, वर आयसीयूचं भाडं वेगळं. त्याच्या कंपनीची पॉलिसी ५ लाखांची, ती संपत आली होती. मी मुलाच्या नावाने सुपर टॉप-अप विमा काढून ठेवला होता, नेमका ५ लाखांच्या वरचा खर्च देणारा, कागद ठाण्याच्या कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात. मला विचारलं असतं तर एका फोनचं काम होतं. मेहुण्याने काय केलं, दोन क्रेडिट कार्डं घासली आणि नातेवाईकांकडून उसने घेतले. म्हणजे कोपरखैरण्यापासून बदलापूरपर्यंत सगळ्यांना माझा मुलगा व्हेंटिलेटरवर आहे हे माहीत, बापाला सोडून.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. जीबीएस फार वाढला की माणूस हलू शकत नाही, बोलू शकत नाही, पण डोकं शाबूत असतं, सगळं ऐकू येतं. माझा मुलगा तिथे पडून मामाचे माझ्याशी चाललेले फोन ऐकत होता. आम्ही गेल्यावर मी वहीच्या पानावर अ आ इ लिहून बोट फिरवायचो, बरोबर अक्षरावर तो पापणी मिटायचा. त्याने पहिलं जे विचारलं ते "पालखी झाली?" एवढंच. हे विचारायला त्याला किती वेळ लागला असेल, तुम्ही करून बघा एकदा.

मेहुण्याचं म्हणणं आजही असं की पोरानेच सांगितलं होतं, बाबांना कळवू नको, त्यांना बीपी आहे. हो, सांगितलं होतं, मुलगाही ते कबूल करतो. पण कधी? कॅज्युअल्टीत, नुसत्या मुंग्या येत होत्या तेव्हा. नळी घालायची वेळ आली तेव्हा परत विचारलंत का त्याला? यावर तो गप्प बसतो आणि मग म्हणतो, टॉप-अपचे पैसे नंतर मिळाले ना. मिळाले, थोडे कापून. तो मुद्दाच नाही.

तरी एक मान्य करायला हवं, तुमचा भाऊ सज्ञान आहे. तो शुद्धीत असेल, बोलू शकत असेल तर आधी त्याला विचारा, त्याची तब्येत ही त्याची गोष्ट आहे, बाप झालो म्हणून आपली मालकी नाही. तो नको म्हणाला तर मग अवघड आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. आणि वडिलांना नुकताच हार्ट अटॅक वगैरे येऊन गेला असेल तर त्यांच्या डॉक्टरशी बोलून ठरवा. नुसत्या शुगरला माझं उत्तर तेच. आणि मेहुण्याबद्दल एवढं लिहिलं तर हेही लिहितो की तो आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर झोपला, त्याच्या बायकोचा डबा एक दिवस चुकला नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, डॉक्टरशी कोणी बोलावं. एकाच माणसाने, आणि त्याने ऐकलेलं लिहून काढून घरातल्या सगळ्यांना तेच पाठवावं. प्रत्येक मावशी वेगळी विचारायला गेली की प्रत्येकीला वेगळं ऐकू येतं. आमच्याकडे एकाने स्टिरॉइड का देत नाही म्हणून गोंधळ घातला होता, जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. बिलाचं म्हणाल तर कॅशलेसच्या अर्जाला १ तासात उत्तर द्यायचा नियम आहे २०२४ पासून, हॉस्पिटल "अजून आलं नाही" म्हणालं तर इन्शुरन्स कंपनीला स्वतः फोन लावा. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर गरिबांसाठी राखीव खाटा असतात, तिथल्या समाजसेवकांना भेटा.

आमचा मुलगा आता कामावर जातो. बरेच महिने फिजिओ झाली, पायात स्प्लिंट होता, अजून संध्याकाळी दमतो. तुमच्या भावाचा आजार कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

गावी फोन करायच्या आधी शेजारच्या एखाद्या चुलतभावाला घरी जाऊन बसायला सांगा, गाडीची सोय बघा, मग थेट आईबाबांशीच बोला, एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवू नका, स्पीकरवर दोघांना. व्हेंटिलेटर असेल तर व्हेंटिलेटर म्हणा. येताना भावाच्या पॉलिसीचे काही कागद घरी असतील तर आणायला सांगा, आणि ते निघाले की डॉक्टरची वेळ मागून ठेवा, आल्या आल्या ते भेटायचं म्हणणारच.