युरिया टाकला तरी ईसी मीटर का हलत नाही, आणि टाकीतलं पाणी दुधाळ का होतं

राम राम मंडळी. निफाडकडच्या एका द्राक्षवाल्या दादांनी विचारलंय की टाकीत युरिया चांगला विरघळवला, ईसी (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता) मोजणारा मीटर बुडवला तर आकडा नुसत्या विहिरीच्या पाण्याचाच आला, मग युरिया बोगस आहे का. आणि सांगोल्याहून डाळिंबवाल्या ताईंचा प्रश्न आहे की कॅल्शियम नायट्रेट आणि 00:00:50 (पोटॅशियम सल्फेट) एकाच टाकीत कालवलं, पाणी दुधाळ झालं आणि ईसी दोन्हीच्या बेरजेपेक्षा बराच कमी आला, तर खत वाया गेलं का. दोन्हीचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच लिहितोय.

दादा, नुसत्या ईसीवरून युरिया बोगस ठरत नाही. ताई, तुमचं मात्र थोडं गेलंय.

मीटर खत मोजत नाही, तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो, आणि वीज वाहून नेतात ते भार असलेले कण, म्हणजे आयन. यालाच जोडून आयनिक स्ट्रेंथ असते, म्हणजे पाण्यातल्या सगळ्या आयनांचा मिळून जोर; ती वाढली की ईसीही वाढतो. प्रत्येक आयनचं प्रमाण गुणिले त्याच्या भाराचा वर्ग, सगळ्याची बेरीज आणि त्याचं अर्ध. म्हणजे पोटॅश, नायट्रेट, सोडियम यांचा भार एक, ते एकदाच मोजले जातात, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट यांचा भार दोन, म्हणून ते चारपट धरले जातात. युरियाच्या रेणूवर भारच नाही. कितीही विरघळवा, आयनिक स्ट्रेंथमध्ये त्याची भर शून्य.

पण हे फक्त टाकीत हां. जमिनीत गेल्यावर युरिएज नावाच्या, युरिया फोडणाऱ्या एन्झाइममुळे ओल आणि ऊब असली की काही दिवसांतच त्याचा अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते करताना आम्ल सुटतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल चुन्याला खातं आणि कॅल्शियम मोकळा होतो. सगळं पूर्ण झालं तर युरियाच्या एका रेणूमागे दोन नायट्रेट आणि एक कॅल्शियम, हिशोब केला तर टाकीत जो शून्य होता तो मुळापाशी 3 झाला! म्हणून मीटर शांत आहे म्हणून अजून एक डोस सोडू असं अजिबात करू नका, माझी कळकळीची विनंती आहे. कांद्याला तर जास्तच जपा, मातीच्या संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याचा) ईसी 1.2 डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेला की कांद्याचं उत्पन्न घटायला लागतं, द्राक्षाला ही हद्द 1.5 आहे, आणि शेंडे करपलेले दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता ताईंचं. समजा एक लिटर पाण्यात 17 ग्रॅम 00:00:50 आणि साधारण 21 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आहे. कागदावर प्रत्येकाची आयनिक स्ट्रेंथ 0.3 च्या आसपास, मिळून 0.6. पण कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना भेटले की जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तयार होतो, आणि तो लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. नेमके चारपट मोजले जाणारे दोघेच पाण्यातून गेले, म्हणून आकडा अर्ध्यावर, 0.3 च्या आतबाहेर येतो. पोटॅश आणि नायट्रेट पाण्यातच आहेत, ते झाडाला मिळतील, पण ज्या कॅल्शियमसाठी पैसे मोजले तो बराचसा गाळात गेला आणि तोच गाळ फिल्टर आणि ड्रिपर चोकअप करणार. कधीकधी पाणी लगेच दुधाळ होत नाही, तासाभराने होतं, तेव्हा आधी स्वच्छ दिसलं म्हणून फसू नका. आणि ईसी कमी दिसतोय म्हणून त्याच टाकीत अजून कॅल्शियम नायट्रेट ओतणं म्हणजे गाळच वाढवणं.

12:61:00 आणि 00:52:34 ही फॉस्फेटवाली खतं तर कॅल्शियमबरोबर कधीच नको. जिप्सम निदान पातळ द्रावणात विरघळून राहतो, कॅल्शियम फॉस्फेटला तेवढीही सूट नाही, जड पाणी असेल तर नुसत्या विहिरीच्या कॅल्शियमनेही ते बसायला लागतं. कॅल्शियम नायट्रेटबरोबर 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) किंवा युरिया चालतो. सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतं वेगळ्या टाकीत किंवा दुसऱ्या दिवशी द्या, मधे लाइन नुसत्या पाण्याने धुवून घ्या.

पाण्यात आम्ल घालून ते सुधारणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो पण त्याच्या जागी आम्लाचा नायट्रेट किंवा फॉस्फेट येऊन बसतो, त्यामुळे ईसी फारसा उतरत नाही. आम्लाचा डोस ईसीवर नाही तर पीएचवर ठरवा, 6 ते 6.5 ठेवा, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

नवीन मिश्रण करायच्या आधी काचेच्या बाटलीत आपल्याच विहिरीचं पाणी घेऊन टाकीत जेवढं घट्ट करणार तेवढ्याच प्रमाणात दोन्ही खतं कालवा, लगेच ईसी बघा, दोन तासांनी परत बघा. आकडा उतरला किंवा तळाला पांढरं दिसलं तर ती जोडी टाकीत एकत्र घालू नका.