आधी खर्चाचा तक्ता

सप्रेम आशीर्वाद,

दिव्यांगांच्या राहण्यावरच्या संशोधनासाठी निधी मागणाऱ्या अर्जाचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. बारा पानांपैकी पहिली आठ बाजूला ठेवून मी थेट नवव्या पानावरचा खर्चाचा तक्ता उघडला. जुनी खोड आहे माझी, आणि निधी देणाऱ्या समित्यांवर बसणाऱ्या बऱ्याच जणांचीही. तुझ्या तक्त्यात प्रवास एका ओळीत, मानधन एका ओळीत आणि उरलेलं सगळं 'किरकोळ'मध्ये ढकललेलं. दिव्यांग व्यक्तींनी कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे त्यांनीच ठरवावं, असं तू आठ पानं लिहितेस, आणि तक्त्यात त्यांच्या नावाने एक रुपयाही नाही.

रागावू नकोस. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी हेच केलं होतं. आमच्या गटात व्हीलचेअर वापरणारा एक मुलगा होता. मुलाखती घेण्यात आम्हा सगळ्यांपेक्षा सरस, कारण लोक आमच्याशी बोलायचे ते वेगळं आणि त्याच्याशी बोलायचे ते वेगळं. प्रवासखर्च मी एसटीच्या दराने लावला होता. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत, म्हणून त्याचा खर्च तर मी आणखी कमी धरला! प्रत्यक्षात बसच्या पायऱ्या त्याला चढताच यायच्या नाहीत. रिक्षा हवी, आणि चढ-उतार करायला सोबत एक माणूस. तो खर्च आम्ही केला आणि वर्षअखेरीला हिशेब तपासनिसांनी 'मदतनीस' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. मंजूर खर्चाच्या यादीत नाही म्हणाले. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, अडकलं, त्यामुळे दुसरा हप्ता अडकला, आणि पाच महिने त्या मुलाचं मानधन मी इकडून तिकडून उसनं घेऊन भागवलं. ती ओळ मी मागितलीच नव्हती, तर मंजूर कुठून होणार?

तेव्हा बसून तक्ता नव्याने मांड. मदतनीस, रिक्षा, सांकेतिक भाषेचा दुभाषी, सोप्या भाषेतलं आणि चित्रांचं संमतीपत्र, प्रत्येकाची वेगळी ओळ. एकाच घरी तीन-तीनदा जाण्याचा खर्चही धर. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची संमती सहसा पहिल्या भेटीत मिळत नाही. मिळाली तर ती बहुतेक वेळा त्याच्या आईची असते. आणि सहसंशोधक म्हणून काम करणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना रीतसर मानधन. समारोपाला शाल-श्रीफळ देऊन ते भागत नाही.

पहिल्या परिच्छेदात २०११च्या जनगणनेतला २.६८ कोटींचा आकडा टाकलायस. सगळेच टाकतात. राहू दे, पण त्याच्यावर इमारत उभी करू नकोस. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठ प्रकार मोजले होते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत. शिवाय तुझा प्रश्न किती माणसं आहेत हा नाहीच. ती कुठे राहतात आणि ते कोणी ठरवलं, हा आहे. तिथे कामाचं म्हणजे त्या कायद्याचं कलम ५, समाजात राहण्याचा हक्क सांगणारं, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९. कुटुंब नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं ते कलम सरळ म्हणतं. कायद्यात इतकं स्वच्छ वाक्य क्वचित सापडतं. आणि त्यानंतरही २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्या महाराष्ट्राला बजावावं लागलं की मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं तुला पाहावी लागतील. आपण अर्जात ज्याला 'सामुदायिक जीवन' म्हणतो, त्याला वॉर्डातली माणसं नुसतं 'बाहेर' म्हणतात. मुलाखतीच्या प्रश्नांत तोच शब्द वापर.

आता पैशाचं. संशोधनाला पैसा मिळतो, घरभाड्याला मिळत नाही; आणि घरच नसेल तर संशोधन कशावर करणार? या विषयातली खरी अडचण ही आहे आणि तुझ्या मसुद्यात ती कुठेच नाही. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेचं 'होम अगेन' नीट अभ्यास. वर्षानुवर्षं संस्थेत काढलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतीला एखादी कार्यकर्ती असते, आणि अभ्यास या राहण्याबरोबरच चालतो. त्यांना 'ग्रँड चॅलेंजेस कॅनडा' या परदेशी निधी संस्थेचा पैसा मिळाला. तुला परदेशी पैसा इतक्या सहज मिळेल असं धरून चालू नकोस. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेने घ्यायचं आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायचं, हा जुना रस्ता बंद झाला.

माझा सल्ला असा, की दोन खिसे ठेव. मोजणी, मुलाखती, विश्लेषण यासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे जा. आरोग्याच्या बाजूने मांडणी करता आली तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे. घरभाडं, गॅस, कार्यकर्तीचा पगार हे कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, उभं कर. कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचेच असतात, आणि त्यांना अहवालात घराचा फोटो हवा असतो, तुझ्याकडे घर असेल. फक्त 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी माग, म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळू शकतात. नाहीतर मार्च आला की भाडं थांबतं. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला घरमालकाच्या नोटिशीने परत पाठवायचं असेल, तर आणलंच कशाला? दोन्ही खिशांचे हिशेब मात्र वेगळ्या वह्यांत. एका पावतीवर दोघांचा दावा लागला की दोघेही जातात.

समितीत एक प्रश्न नक्की येईल: माणशी खर्च किती? घरी राहणं संस्थेपेक्षा स्वस्त पडतं, असं उत्तर द्यायचा मोह होईल. थांब. ते स्वस्त दिसतं कारण आईच्या कामापुढे आपण शून्य लिहितो. सकाळची अंघोळ, भरवणं, रात्री दोनदा उठणं, सोडलेली नोकरी, सगळं शून्य. तुझा हा तक्ता उद्या कोणी धोरणात वापरला, तर माणसं घरी पाठवली जातील आणि पैसा पाठवला जाणार नाही. घरातल्या प्रत्येकाच्या तासांची नोंद ठेव आणि तुझ्या जिल्ह्यातल्या मजुरीच्या दराने त्याची किंमत लाव. आकडा वाढेल. वाढू दे.

पालकांशी बोलताना जरा जपून. 'आमच्यानंतर याचं काय?' हा प्रश्न घेऊन ते तीस-तीस वर्षं झोपलेले असतात. निवासी संस्था हवी म्हणतील. त्यांच्यापुढे संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम १९, समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क सांगणारं, वाचून दाखवू नकोस. एका आजोबांनी मला ऐकवलं होतं, 'तुमचं कलम रात्री फिट आल्यावर येईल का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर आम्ही त्याच प्रश्नाची प्रश्नावलीत एक ओळ केली: रात्री गरज पडली तर कोण येतं, किती वेळात? अख्ख्या अभ्यासात सगळ्यांत उपयोगी पडलेली माहिती त्या ओळीतून आली.

प्रश्नावलीवरून आठवलं. 'तुम्ही इथे समाधानी आहात का?' काढून टाक. दारात काळजीवाहक उभी असताना कोण नाही म्हणेल? त्याऐवजी विचार: काल रात्री भाजी कोणती होती आणि ती कोणी ठरवली? भाड्याच्या घरात नुकत्याच राहायला आलेल्या एका बाईंना मी हे विचारलं. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, 'ठरवायची असते का?' चार महिन्यांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचीकडे बोट दाखवून तक्रार आली, 'ही रोज वांगं आणायला लावते.' मी वहीत लिहिलं: वांगं, वाद. निष्कर्षाच्या प्रकरणात ते कसं बसवायचं यावर आमच्यात महिनाभर वादावादी चालली होती.

निधी मंजूर व्हायला वर्ष लागलं तर रिकामी बसू नकोस. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. तुझ्या तालुक्यातल्या दहा ग्रामपंचायती निवड आणि माहिती अधिकारात तीन वर्षांचा त्या निधीचा तपशील माग. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला ३० दिवस. मी पाहिलेल्या गावांत हा पैसा मार्चमध्ये घाईघाईने वाटून टाकलेला असे. सोबत यायला माणूस, घराला उतार, दारापर्यंतचा रस्ता यांवर क्वचितच. तुझ्या भागात वेगळं असेलही. काहीही निघालं तरी अर्जाला जोडायला तुझ्या हातात दहा गावांचे आकडे असतील, आणि ते दुसऱ्या कोणाकडे नसतील.

एक बारीक गोष्ट. सरकारी अर्जात 'दिव्यांग' लिही, तिथे दुसरा शब्द चालत नाही. क्षेत्रात मात्र समोरच्याला विचार, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल. निम्मे जण 'अपंगच म्हणा' म्हणतील, आणि एखादा म्हणेल, नावाने हाक मारा.

सुधारलेला तक्ता शुक्रवारपर्यंत पाठव. पहिली आठ पानं तोवर उघडू नकोस. आणि तुझ्या गटातल्या त्या दृष्टिहीन मैत्रिणीला फाइल आधी ऐकव. तिचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तुझ्या त्या रंगीत चौकटी वाचेल असं मला वाटत नाही.

तुझी,
ताई