कोथरूडला चहा आणि फुलांचं एकत्र दुकान काढतोय. चालेल का?

तुम्ही लिहिलंय की घराजवळ एका गल्लीत दोनशे चौरस फुटांचा गाळा मिळतोय. त्यात एका बाजूला दार्जिलिंग, ग्रीन टी असा निवडक चहा आणि दुसऱ्या बाजूला फुलं, गुच्छ ठेवून 'बुटीक' दुकान काढायचंय. लोक येतील का आणि या दोन गोष्टी एका छताखाली जमतील का, असं तुम्ही विचारलंय. मी सहकारनगरच्या बाजूला हेच करते. सासऱ्यांचं सुट्या चहा पावडरचं दुकान होतं. ते थकल्यावर मी गल्ल्यावर बसायला लागले आणि सात वर्षांपूर्वी त्याला फुलं जोडली.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात माझे पैसे गेलेत. चहा वास ओढतो. हिंगाच्या शेजारी ठेवला तर हिंगाचा, साबणाशेजारी ठेवला तर साबणाचा. हे सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण फुलांचा वास म्हणजे चांगलाच वास, त्याने काय बिघडणार, असं मी धरून चालले. पहिल्या पावसाळ्यात निशिगंधाच्या दोन बादल्या चहाच्या फळीखाली ठेवल्या. वर काचेच्या बरण्यांत तीन किलो दार्जिलिंग होता. बरण्या दिसायला सुंदर, पण झाकणं सैल. हवेत ओल, त्यात रात्रभर बंद दुकान. चौथ्या दिवशी नेहमीचे एक आजोबा पुडा परत घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, याला गुलछडीचा वास येतोय." मी उकळत्या पाण्यात टाकून पाहिलं. खरंच येत होता. तीनही किलो काढून टाकले.

तेव्हापासून चहा आत, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत आणि दार असलेल्या कपाटात. फुलं बाहेरच्या बाजूला, ओट्याजवळ. ग्राहकाला दाखवायला प्रत्येक चहाची वाटीभर पत्ती वेगळी ठेवते आणि ती विकत नाही. काचेच्या बरण्यांची रांग फोटोत छान दिसते हे मला मान्य आहे, पण उजेड, ओल आणि वास हे चहाचे तीन शत्रू आणि तुमच्या दुकानात तिन्ही असणार. गाळ्याला मधे एखादं काचेचं दार बसवता आलं तर रंगकामाच्या आधी तो खर्च करा.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, जी मला या धंद्यात सगळ्यात जास्त आवडते. चीनमध्ये जो जास्मिन टी बनतो तो चहाच्या याच स्वभावावर. दुपारी मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या तोडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की चहाच्या पत्तीत मिसळून ठेवतात, सकाळी फुलं चाळून काढतात आणि पत्ती पुन्हा वाळवतात. चांगल्या मालाला हे पाच-सहा रात्री करतात. आणि ते फूल कोणतं? आपला मोगराच. शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक, आपल्याकडच्या गजऱ्यातलं आणि त्यांच्या चहातलं एकच. एप्रिलमध्ये गजरा घ्यायला आलेल्या बाईच्या हातात मी जास्मिन टीची वाटी देते आणि फक्त वास घ्यायला सांगते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी चहा आणि फुलं एकत्र ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. मात्र बाजारातला मोगरा किंवा गुलाब चहात घालायचा मोह कधीही करू नका. ती फुलं पूजेसाठी आणि शोभेसाठी पिकवलेली असतात, त्यांवर फवारणी झालेली असते. खाण्यासाठी वाळवलेल्या पाकळ्या वेगळ्या मिळतात, त्याच घ्या.

लोक येतील का? येतील, पण तुम्ही ज्यांची वाट बघताय ते रोज येणार नाहीत. गुच्छ घेणारा माणूस वर्षातून तीन-चारदा येतो. फुलपुडी घेणारा रोज. पुण्यात तुम्ही वाढला असाल तर दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी तुमच्याही घरी येत असणार. थोडी शेवंती, दोन झेंडू, एखादा गुलाब, तुळस, दूर्वा. माझ्याकडे ८५ घरांची पुडी लागलेली आहे, दहा रुपये रोज. म्हणजे महिन्याला साडेपंचवीस हजार येतात. त्यातून माल आणि पोचवणाऱ्या मुलाचे पैसे वजा होतात, पण उरलेल्यावर भाड्याचा मोठा भाग भागतो. पुडी घेणारी माणसंच पुढे मुलीच्या वाढदिवसाला गुच्छ सांगतात आणि पाव किलो चहाही नेतात. तुमच्या योजनेत पुडीचा उल्लेखच नाही. बुटीक म्हटलं की ती कमीपणाची वाटते का? तसं वाटत असेल तर कृपा करून पुन्हा विचार करा. पुडी केळीच्या पानात किंवा कागदात नीट बांधून द्या, ताजी द्या, सातच्या आत द्या. गल्ली तुमची होईल.

फुलांसाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात पहाटेच जावं लागतं. सुटी फुलं किलोवर, डच गुलाब वीस काड्यांच्या गड्डीत, जरबेरा दहाच्या. झेंडू-शेवंती पुरंदर, दौंड, यवतच्या बाजूने येते. गुलाब, जरबेरा, कार्नेशन मावळातल्या पॉलिहाउसमधून. तळेगावला तर फुलांसाठी खास वसाहतच आहे. सुरुवातीला एकाच आडत्याकडे जाऊ नका, महिनाभर फिरा. गड्डी उघडून मधली फुलं बघा, वरची नेहमीच चांगली असतात.

दुकानात आणल्यावर देठ तिरपे कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, रोज पाणी बदला. गुलाबाला भरपूर पाणी लागतं, जरबेऱ्याला चार बोटंच, नाहीतर त्याचा लवदार देठ सडतो. गुलाब तीन-चार अंशांवर फ्रीजमध्ये छान राहतात, ऑर्किड तिथे काळवंडतात. आणि त्या फ्रीजमध्ये घरच्यांना केळी, आंबे, सफरचंद ठेवू देऊ नका. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात आणि फूल झोपल्यासारखं दिसतं. माझी एक अख्खी बादली आंब्याच्या पेटीमुळे गेली.

माल किती घ्यायचा हे पंचांग बघून ठरतं. श्रावण, गणपती-गौरी, नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लगीनसराई, यांत भाव चढे आणि गिऱ्हाईकही जास्त. पितृपक्षात मागणी एकदम खाली येते, तेव्हा दुकान उघडू नका, पहिल्याच पंधरवड्यात खचून जाल. दसऱ्याला झेंडू फार भरू नका. शेतकरी स्वतः टेम्पो घेऊन चौकाचौकात बसतात आणि दुपारनंतर भाव कोसळतो. माझा अंदाज असा की पहिले सहा महिने दहातली दोन-तीन फुलं फेकली जातील. ते गृहीत धरूनच हिशेब मांडा. चहाचं बरं असतं, तो रात्रीत कोमेजत नाही. म्हणूनच या दोन मालांची जोडी मला हिशेबालाही पटते. फुलं रोज माणसं आणतात आणि चहा फुलांची तूट सोसतो.

पण चहाही फक्त दार्जिलिंगवर चालणार नाही. अमृततुल्यांच्या या गावात सकाळी दूध, आलं, साखर घालून उकळलेला चहाच लागतो आणि त्याला आसामचा सीटीसीच, म्हणजे यंत्रात चुरून दाणेदार केलेला चहाच हवा. ममरी (जाड गोल दाणा) आणि डस्ट (बारीक भुकटी) मिसळून स्वतःचं एक घरगुती मिश्रण तयार करा. ते जमलं की माणूस दुसरीकडे जात नाही. आमच्याकडे अजून सासऱ्यांचंच प्रमाण चालतं आणि विक्रीतला अर्ध्याहून जास्त चहा तोच. गवती चहाची जुडी फुलांच्या शेजारी रोज ठेवा, पावसाळ्यात ती हातोहात जाते.

महाग चहा विकताना किलोचा भाव सांगू नका, कपाचा सांगा. एका कपाला अडीच ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये चाळीस कप. चारशे रुपयांचं पाकीट असलं तरी कप दहा रुपयांना पडतो, कोपऱ्यावरच्या चहाइतकाच. आणि घरी नेऊन लोक तो दुधात उकळतात, मग कडू लागला म्हणतात. म्हणून प्रत्येक पाकिटाबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी द्या: पाणी उकळून मिनिटभर थांबा, तीन मिनिटं झाकून ठेवा, गाळा, दूध नको. ग्रीन टीला पाणी त्याहून कोमट, ऐंशी अंशांच्या आसपास. दार्जिलिंगचा वसंतातला पहिला तोडा मार्च-एप्रिलचा. त्याची नाजूक चव फार टिकत नाही, तेव्हा एका वेळी किलो-दोन किलोच मागवा. पाकिटावर टी बोर्डाचं दार्जिलिंगचं चिन्ह, म्हणजे पत्ती धरलेल्या बाईची आकृती, आहे का ते बघून घ्या.

कागदपत्रं फार नाहीत. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. चहासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. कॅमोमाइल, जास्वंद, गोकर्ण असलं काही विकणार असाल तर पाकिटावर 'टी' लिहू नका. खऱ्या चहाच्या झाडापासून बनलेल्यालाच तो शब्द वापरायचा, असं एफएसएसएआयने डिसेंबर २०२५ मध्ये बजावलंय.

शेवटी तुम्ही नावाचं विचारलंत, इंग्रजी ठेवू की मराठी. पाटी तर मराठीत, देवनागरीत लावावीच लागते, तो कायदाच आहे. पण नाव असं ठेवा की पुडी सांगणाऱ्या आजींना फोनवर एका दमात म्हणता यावं. आणि जागेचा करार करण्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी साडेसहाला त्या गल्लीत उभे राहा. किती दारांच्या कड्यांना पुड्या लटकतात ते मोजा आणि आकडा मला इथेच कळवा. मग पहिल्या महिन्याला किती माल घ्यायचा ते आपण बसून काढू.