दिवेलागणीला आई गाठोडं बांधते

प्रश्न : ताई, माझी आई 81 वर्षांची. आमचं गाव पलूस तालुक्यात. वडील गेल्यावर दोन वर्षं ती एकटीच राहिली. मी चाकणला, शिफ्टची नोकरी. बायकोही कामाला जाते. आईनं दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा न्हाणीत पडली, म्हणून दीड महिन्यापूर्वी सांगलीत 14 जणांच्या एका छोट्या निवासात ठेवलं. दिवसभर बरी असते. पाच वाजले की गाठोडं बांधून फाटकाशी उभी राहते आणि मला फोन लावायला लावते, ‘घरी ने.’ मी ‘रविवारी नेतो’ म्हणतो. तिथल्या बाई म्हणतात, झोपेची गोळी लिहून आणा. भावकी म्हणते, आईला टाकलंस. काय करू? – एक वाचक, चाकण

उत्तर : दादा, आधी गोळीचं. एवढ्यावरून ती सुरू करू नका. या वयात झोपेच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहते, रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. मी मिरजेत वॉर्डात वीस वर्षं काम केलंय. अशा किती आज्या स्ट्रेचरवरून आलेल्या पाहिल्या!

हे गाठोडं पहिल्या दिवसापासून आहे की मधेच सुरू झालं, ते तिथल्या बाईंना विचारा. चार-आठ दिवसांत अचानक वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही, आधी डोकं भरकटतं. पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, सर्दीची साधी गोळी, यांनीही तसंच होतं. तपासण्या नीट आल्या तर मग विसरभोळेपणासाठी डॉक्टरांना दाखवा. तो आजार असला की दिवस कलताना जीव जास्त घाबरा होतो.

आता पाच वाजण्याबद्दल. मीही वृद्धांचं छोटं निवास चालवते, माझ्याकडे 11 जण राहतात. त्यात खानापूर तालुक्यातल्या एक आजी होत्या, त्याही बरोबर पाचला दाराशी यायच्या. पहिल्या वर्षी मीसुद्धा त्यांना ‘उद्या तुमचा मुलगा न्यायला येणार’ असं सांगितलं. वाटलं, तेवढ्यापुरत्या शांत होतील. त्या चार दिवस गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या, जेवायलाही आत येईनात. ते खोटं बोलल्याचं मला आजही लागतं. पाचव्या दिवशी मी शेजारी बसले आणि विचारलं, ‘आजी, घरी जाऊन काय करायचंय?’ त्या म्हणाल्या, ‘म्हस हंबराय लागली आसंल. धारंची येळ झाली न्हवं!’

साठ वर्षं रोज संध्याकाळी त्या बाईनं धार काढली होती. हात रिकामे बसेनात, म्हणून पाय दाराकडे जायचे. दुसऱ्या दिवसापासून साडेचारला त्यांच्यापुढं मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. त्या एक-एक पान बघायच्या, किडकं वेगळं, कोवळी देठं वेगळी, आणि काम झालं की पदर झटकून विचारायच्या, ‘उद्याला काय?’ गाठोडं एकदम सुटलं नाही. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एखाद्या वेळी. पण फाटकाशी रडणं थांबलं.

तुमच्या आईचं पाच वाजताचं काम काय होतं, ते तुम्हालाच माहीत. वैरण, चूल, देवापुढं दिवा, तुमची शाळेतून यायची वाट बघणं. ते तिथल्या बाईंना सांगा. कुठलीही बाई हे कागदपत्रांत वाचू शकत नाही. आणि साडेपाचच्या आतच दिवे लावायला सांगा, अंधारून यायची वाट बघू नका.

आईची वाकळ नेली का? नसेल तर न धुता न्या, घरचा वास राहू दे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमचं निवास तिथल्याच गावभागात होतं. मध्यरात्री नऊ जणांना मिरजेला हलवलं. नवी जागा, नव्या भिंती, सगळेच बावरले. ज्यांच्या अंगावर स्वतःची वाकळ होती ते दोन-तीन दिवसांत झोपू लागले, बाकीच्यांना पंधरवडा लागला. जाल तेव्हा हेही विचारून घ्या : पूर आला तर कुठं हलवणार, रात्री जागं कोण असतं, न्हाणीची कडी बाहेरून उघडते का. चौदा जणांना रात्री एकच बाई असेल तर मला ते पटत नाही.

भावकीचं मनावर घेऊ नका. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तो कायमचं सोडून द्यायच्या इराद्यानं कुठंतरी ठेवून जाणाऱ्याला. तुम्ही पैसे भरता, रोज फोन घेता, आणि झोप उडाली म्हणून मला पत्र लिहिता. बोलणाऱ्यांपैकी कुणी दोन वर्षांत आईचा गॅस बंद करायला आलं होतं का?

‘रविवारी नेतो’ मात्र आजपासून बंद. ‘आई, मी रविवारी येतो’ म्हणा आणि खरंच या. संध्याकाळी नको, सकाळी दहाला या. तिच्या हातचं काहीतरी काम करायला घेऊन या, शेंगा फोडायला आणल्या तरी चालतील. शेजारी बसून तुम्हीही फोडा. निघताना फाटकात निरोप घेऊ नका. ताट वाढलं, तिनं भाकरीचा पहिला घास मोडला, की पाठीवर हात ठेवून ‘पुढच्या रविवारी येतो’ म्हणा आणि निघा.