पाय धुऊन घे

प्रिय पोरी,

जय ख्रिस्त.

रविवारी मिस्सा सुटल्यावर फादर भेटले. म्हणाले, पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात त्यांत तुझं नाव होतं आणि तू नको म्हणालीस. "माझ्याऐवजी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बसवा." फादरना तुझी नम्रता फार आवडली. मला नाही आवडली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तपसाधनेहून, म्हणजे त्या रिट्रीटहून, आल्यापासून तुझी धावपळ मी बघतोय. चाळीस घरांना शिधा, पाड्यावर कपडे, युवकांची रक्तदानाची गडबड. यात खोट काही नाही, तुझ्या वयात मी निम्मंसुद्धा केलं नव्हतं. फक्त ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो. त्याचं सांगून टाकतो आणि पुढे जातो: शिधा घेणाऱ्याचा चेहरा दिसता कामा नये. राखेच्या बुधवारी, उपासकाळ सुरू होतो तेव्हा, मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात, दान करताना पुढे कर्णा वाजवू नका म्हणून. त्याच वाचनात उपास करणाऱ्याला तोंड धुवायला सांगितलंय, आणि आपण कपाळावर राख मिरवत घरी जातो. दरवर्षी मला याची गंमत वाटते. असो.

मला बोलायचंय ते घेण्याबद्दल.

गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत मी गेलो तेव्हा नुकता मास्तर झालो होतो. पॅरिसमध्ये 1833 साली ही संस्था काढली ती कॉलेजच्या पोरांनी. त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून लहानच. पण गरिबांची घरं या पोरांना ठाऊक नव्हती. सिस्टर रोझाली रेंद्यू नावाच्या व्रतस्थ बाईंनी त्यांना ती वाट दाखवली. द्यायला निघालेल्यांना पहिल्यांदा पत्ता मागावा लागला, हे मला फार आवडतं. तेव्हाची रीत अजून आहे. दोघांनी मिळून जायचं, घरी जायचं, बसायचं. आणि सभेत गुप्त थैली फिरते. कोणी किती टाकलं कळत नाही, कोणी काहीच टाकलं नाही तेही कळत नाही. माझ्या वाईट महिन्यांत मीही मूठ मिटून आत घातली आणि तशीच रिकामी बाहेर काढली आहे.

माझ्याबरोबर एक गवंडीकाका असत. शिकलेले फार नव्हते, जिभेला हाड नव्हतं. आमच्याकडे एक विधवा मावशी होत्या. लोकांच्या वाडीत राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घालायची, त्या मजुरीवर त्यांचं चाले. आम्ही तांदूळ, डाळ, तेल घेऊन गेलो की त्या आतून केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी आणून माझ्यापुढे धरत. मी म्हणायचो, "नको नको, तुम्हालाच राहू द्या." दोनदा असं झालं. तिसऱ्या खेपेला दार उघडलं नाही. आत चूल पेटलेली होती, धूर दिसत होता. पिशवी ओट्यावर ठेवून परतलो.

वाटेत काका म्हणाले, "मास्तर, आजवर ती गरीब होती. भिकारी तुम्ही केलीत."

मला राग आला. आठवडाभर होता. मग एका संध्याकाळी एकटाच गेलो, हातात पिशवी न घेता, म्हणजे नियम मोडूनच. काय बोलावं सुचेना, तर म्हटलं, "मावशी, पाणी द्या." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पाणी दिलं, मग म्हणाल्या, "बसा, च्या टाकते." चहाबरोबर सुकेळी आली. ती मी खाल्ली. बोटांना चिकटली ती पुसायला त्यांनी आपला पदर पुढे केला. आणि मग, कसं कोण जाणे, माझा थोरला घर सोडून गेला होता त्याबद्दल मी बोलू लागलो. घरी बोललो नव्हतो, कन्फेशनला गेलो तेव्हाही जिभेवर आलं नव्हतं. त्यांनी उपदेश केला नाही. मे महिन्यात आळीच्या क्रूसापाशी रोजरी व्हायची, तिथे रोज एक दशक, म्हणजे माळेच्या दहा मण्यांची प्रार्थना, त्याच्यासाठी म्हणेन, एवढंच म्हणाल्या. ते त्यांनी पाळलं.

मी बऱ्याच तपसाधना केल्यात. हुंदके देऊन रडलोही आहे, आणि चार दिवसांनी पुन्हा वर्गात पोरांवर तसाच खेकसलोही आहे. त्या ओट्यावरून उठलो तो माणूस मात्र थोडा वेगळा होता. शिध्याची पिशवी घेऊन मी जिथे जात होतो, तिथे तोवर पोचलोच नव्हतो.

आता प्रभूच्या शिष्याचं, पेत्राचं बघ. गुरुवारी योहानचा तेरावा अध्याय वाचतील. प्रभू घंगाळ घेऊन वाकतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला किती नम्र! तुझ्यासारखंच. पण प्रभू त्याला शाबासकी देत नाही. मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही, असं म्हणतो. विहिरीवरच्या परक्या शोमरोनी बाईकडेही त्याने आधी पाणीच मागितलं होतं. देणारं होणं सोपं असतं गं, हात वरच राहतो. आपल्या पायाला भेगा आहेत, नखात माती आहे, आणि ते दुसऱ्याच्या हातात द्यायचे आहेत, हे अवघड. तुला नेमकी त्याचीच लाज वाटली असणार. मला वाटली असती.

शिवाय 2016 पर्यंत विधीच्या पुस्तकात त्या बारांमध्ये पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. तुझी आजी जन्मभर त्या चर्चच्या पायऱ्या झाडत आली, तिला त्या खुर्चीत कोणी बसवलं नाही.

शनिवारी, ईस्टरच्या आदल्या रात्री, मेणबत्ती हातात धरून आपण सगळे बाप्तिस्म्याची वचनं नव्याने देऊ आणि फादर पाणी शिंपडतील. तेव्हा मागे सरू नकोस, चष्मा ओला झाला तर होऊ दे.

उपवासाबद्दल विचारलं होतंस. तुला तो आहे. मी 59 कधीच ओलांडली, नियमाने मला सूट आहे, आणि ती मी आनंदाने घेतो. चाळीस घरांपैकी निम्मीच कर, पण प्रत्येक घरी पाणी मागून पी. वेळ लागेल, तुझी यादी मागे पडेल, मंडळातले कुरकुरतील. कुरकुरू देत.

फादरना मी सांगून ठेवलंय, बारावी जागा एवढ्यात भरू नका. जाशील तर सोप्या चपला घाल. गेल्या वर्षी एकाच्या सँडलचं बक्कल निघेना आणि फादर घंगाळापाशी गुडघे टेकून ताटकळले.

तुझा,
मास्तर