जुन्या गाडीतल्या कंपनीच्या सबवूफरचा बेस डेक न बदलता वाढवता येतो का?

येतो. ज्यांनी तुम्हाला "सगळं काढून टाका, बारा इंची बसवा" असं सांगितलंय त्यांचं मुळीच ऐकू नका. दुकानदार असेल तर त्याचा धंदा आहे. नातेवाईक असेल तर त्याच्याबद्दल पुढे लिहितोच.

तुम्ही लिहिलंय की पार्सल ट्रेखाली (मागच्या सीटमागची फळी) कंपनीचाच आठ इंची सब, म्हणजे फक्त बेस वाजवणारा सबवूफर, आहे, आधी बरा वाजायचा, आता नुसता फडफडतो आणि आवाज वाढवला की बेस गायब होतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. आवाज वाढवल्यावर बेस जातो त्यात कंपनीचाच हात असू शकतो. स्पीकर फाटू नयेत म्हणून बरेच डेक (डॅशबोर्डमधले प्लेअर) आवाज चढेल तसा बेस मुद्दाम कापत जातात. तिथे इक्वलायझरवर बेस सहा डेसिबल चढवून काही होत नाही. सहा डेसिबल म्हणजे अँपकडून (अँप्लिफायरकडून) चौपट ताकद मागणं, आणि ती त्याच्याकडे नसते.

फडफडीचं मात्र मला चांगलंच माहीत आहे, कारण सासऱ्यांच्या गाडीवरून आमच्या घरात यावर महाभारत झालंय.

गाडी जुनी सेडान, तुमच्यासारखाच मागे सब. दारातले स्पीकर फाटले म्हणून साडूंनी ते एका दुकानातून बदलून आणले, आणि त्या दिवसापासून उरलासुरला बेसही गेला. साडूंचं निदान तयार: "अँप गेला. कंपनीची सिस्टिम म्हणजे कचराच असतो." लगेच कोटेशनही आलं, बारा इंची सब, पोर्टेड बॉक्स (हवेसाठी भोक असलेला खोका), वेगळा अँप. बॉक्स एवढा की अर्धी डिकी खलास. आता गणपतीला कोकणात जाताना मखराचं सामान, तांदूळ आणि सासूबाईंच्या पिशव्या कुठे ठेवायच्या, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं, पण मी धाकटा जावई.

मी तरुणपणी लालबागला बँजो पार्टीत वाजवायचो. बेस कमी असणं आणि बेस एकमेकांना खात असणं यातला फरक माझ्या कानाला कळतो. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, बेस आला. पूर्ण उजवीकडे नेला, आला. मधे आणला, गेला! अँप गेला असता तर असं झालं असतं का? एका दाराच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. पन्नास हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटरची असते, गाडीची केबिन तेवढी लांबही नसते. एका स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल तर खालचा आवाज आपसातच संपतो. गायकाचा आवाज, झांजा वगैरे ठीक वाटतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मग सासऱ्यांना टॉर्च धरायला लावून पार्सल ट्रे काढला. सबच्या कोनभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लावलं तर भुगा हातात आला. मुंबईच्या दमट हवेत फोम असाच कुजतो, रबराची कड त्यामानाने खूप टिकते. मॅग्नेट, कॉइल, कोन सगळं शाबूत होतं. लॅमिंग्टन रोडला स्पीकर दुरुस्त करणारे अजून आहेत, तिथे कड बदलून घेतली. नवीन सबच्या मानाने किरकोळ खर्च.

त्यानंतर तबल्याच्या डग्ग्याचा घिस्सा असा ऐकू आला की सासरे म्हणाले, "हे नवीन बसवलंस का?" साडूंचं म्हणणं आजही तेच, की हा सगळा मनाचा खेळ आहे. त्यांनी स्वतःच्या गाडीत बारा इंची बसवलाच. ते सायनच्या सिग्नलला उभे राहिले की बाहेरच्यांना बेस ऐकू येतो आणि आत त्यांना नंबरप्लेटची खडखड. डिकीच्या झाकणाला एक डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारं) लावायचं सुचवलं होतं. असो.

तर तुम्ही आधी कड बघा. मग फेज, म्हणजे सगळे कोन एकाच वेळी एकाच दिशेने हलतात का, ते बघा: स्पीकरची वायर अँपपासून सोडवून पेन्सिल सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर यायला हवा, सगळे एकाच दिशेने. मग दारं. आतल्या पत्र्याची भोकं बुटाइल शीटने बंद केली तर साध्या स्पीकरचाही बेस भरतो, कारण कोनच्या मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळत नाही. खालची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दारात तळं साचेल.

एवढं करूनही कमी वाटलं तर सीटखालचा अँपवाला छोटा सब घ्या. हाय-लेव्हल इनपुट असलेला घ्या, म्हणजे तो स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेतो आणि डेकला हात लागत नाही. कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे सूर सबने सोडून द्यायचे ती मर्यादा, ऐंशी हर्ट्झच्या आसपास ठेवा. बॅटरीवरून येणाऱ्या वायरला फ्यूज बॅटरीजवळच हवा, सबजवळ नव्हे. मधे वायर घासली तर आग लागते.

डेक बेस कापत असेल तर हा छोटा सबही तोच कापलेला बेस वाजवेल. त्यावर सिग्नल दुरुस्त करणारा प्रोसेसर लागतो, आणि तो स्वस्त नसतो. इथे साडूंचा थोडा मुद्दा आहे, पण थोडाच. काही जर्मन गाड्यांत डेक ते अँप तांब्याच्या वायरीऐवजी ऑप्टिकल फायबर असते, तिथे सिग्नल अँपमधून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीवरून घ्यावा लागतो. सीट किंवा पिलरचं ट्रिम काढणार असाल तर आधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबा, एअरबॅगच्या वायरी तिथेच असतात.

आणि कंपनीचा सब बदलायचाच झाला तर आधी त्याचे ओहम मोजा. बरेच सब दोन ओहमचे असतात. त्या जागी बाजारातला चार ओहमचा लावला तर अँपची ताकद जवळपास अर्धी होते आणि तुम्ही पुन्हा इथे प्रश्न विचारायला याल. साधा मल्टिमीटर पुरतो. माझा देऊ शकलो असतो, पण तो सध्या साडूंकडे आहे.