मशेरी सोडवताना रुग्णाच्या कोणत्या वाक्याला हात घालावा?

डॉक्टर, मशेरी सोडा म्हणून दर भेटीत बजावूनही बायका नुसत्या माना डोलावतात आणि पुढच्या महिन्यात तशाच येतात, तेव्हा गर्दीच्या ओपीडीत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे सवय सोडण्याची कारणे रुग्णाच्याच तोंडून बाहेर काढणारी संवादपद्धत, जमेल का, असे आपण विचारले आहे. जमेल, मात्र आपण मागितलेली प्रश्नांची यादी मी देणार नाही, कारण अशी यादी पाठ करण्यात समुपदेशक म्हणून माझी सुरुवातीची दोन वर्षे वाया गेली.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ही पद्धत १९८३ मध्ये दारूच्या समस्येसंदर्भात मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत तिचा विस्तार केला. सवय सुटावी आणि सुटू नये, असे दोन्ही रुग्णाला एकाच वेळी वाटत असते, हे तिचे गृहीतक आहे. आपण 'सोडा'ची बाजू घेतली की दुसरी बाजू लढवणे रुग्णाच्या वाट्याला येते, आणि जे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो तेच त्याला अधिकाधिक पटत जाते. कर्करोगाचा फोटो दाखवल्यावर 'आमची आजी मशेरी लावूनच नव्वदीला पोचली' हे ऐकावे लागते ते त्यामुळेच.

पन्नाशीच्या एका मावशींना मी विचारले, "मशेरीचा तुम्हाला उपयोग काय होतो?" त्या जरा चपापल्या. मग म्हणाल्या, "लावल्याबिगर पोट साफ होत नाही. पण नातू आता जवळ येईना, वास येतो म्हणतो." पोटाबद्दलचा त्यांचा समज दुरुस्त करण्यासाठी माझी जीभ शिवशिवत होती. ती आवरून मी एवढेच म्हणालो, "नातू लांब राहतो, हे मनाला लागतं." हे वाक्य प्रश्नाच्या सुरात म्हणू नये, सूर खाली उतरला पाहिजे. त्यावर त्या आपणहून बोलू लागल्या.

सोडण्याची इच्छा किती, हे शून्य ते दहाच्या आकड्यात सांगण्याची नेहमीची मोजपट्टी त्यांना रुचली नसती, म्हणून विचारले, "सोडावं असं रुपयातले किती आणे वाटतं?" उत्तर आले, "चार आणे." येथे 'चारच का?' असे विचारले असते तर न सोडण्याची कारणे ऐकावी लागली असती, "चार तरी का, एकच का नाही?" असे विचारल्यावर सोडण्याची तीन कारणे मिळाली.

माहिती जरूर द्यावी, पण परवानगी घेऊन. "हरकत नसेल तर एक सांगू?" असे विचारून, निकोटिन बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ आणि चिडचिड होऊ शकते, हे मी सांगितले आणि त्यावर त्या काय करतील, असे विचारले. दुपारची मशेरी आधी बंद करण्याचा विचार त्यांचा स्वतःचा होता. या सगळ्याला आठेक मिनिटे लागली.

तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पुरते उघडत नसेल, तर तपासणीसाठी लगेच पाठवावे. तेथे संवादकौशल्याची परीक्षा पाहू नये. तसेच ज्याचा निर्णय आधीच झाला आहे, त्याचे मन पुन्हा चाचपत बसू नये, थेट तारीख ठरवावी.

महिन्याभराने मावशी आल्या तेव्हा दुपारची मशेरी सुटली होती, सकाळची चालू होती. केसपेपरवर मी 'नातू' एवढाच शब्द लिहून ठेवला होता. बोलणे तेथूनच सुरू केले.